तूप, साखर आणि सडपातळ माणसाचे पोट

आमच्या घरी १९९०च्या सुमारास वरणभातावरचे तूप बंद झाले. डॉक्टरांनी वडिलांना "तूप-तेल कमी करा" असे सांगितले होते. वडील शिस्तीचे, त्यांनी कमी न करता बंदच केले. भूक मात्र बंद झाली नाही. जेवणात एक पोळी वाढली आणि दोन्ही वेळच्या चहाबरोबर बिस्किटे आली. वजन आयुष्यभर साठ किलोच्या आसपास राहिले, पण पट्टा दर दोन-तीन वर्षांनी एकेक भोक सैल होत गेला. पुढे मधुमेह निघाला तेव्हा घरात एकच प्रश्न होता : एवढ्या किडकिडीत माणसाला साखर कशी?

मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नाही. या एका प्रश्नापायी मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचताना कळले की जग गेली दीडशे वर्षे वेगळ्याच प्रश्नावर भांडते आहे : माणूस जाड होतो तो स्निग्ध पदार्थांनी की पिष्टमय पदार्थांनी? १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी स्वतःच्या लठ्ठपणावर एक पुस्तिका काढली. अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा त्यांचा व्यवसाय होता. पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडल्यावर आपण कसे उतरलो, हे त्यांनी तीत सांगितले. १९८०मध्ये अमेरिकी सरकारने नागरिकांना पहिली आहारसूत्रे दिली, त्यात जास्त स्निग्धांश टाळा असे होते. आज पुन्हा 'किटो'च्या नावाने भात-पोळी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. पक्ष बदलतात, खटला तोच.

आधी शरीरातला व्यवहार पाहू. एक ग्रॅम कर्बोदकांतून सुमारे ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धांशातून ९. भात खाल्ला की त्यातल्या पिष्टाचे ग्लुकोज होऊन ते रक्तात येते आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते. इन्शुलिन पेशींना ग्लुकोज घ्यायला लावते आणि त्याच वेळी चरबीच्या पेशींना सांगते, आता तुमचा साठा बाहेर काढू नका. उरलेले ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठते, पण ही जागा लहान आहे : यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत सुमारे ४००. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो, त्यातले बरेचसे हे पाणी असते. उत्साहाने फोन करून सांगणाऱ्या मित्रांना मी हे सांगत नाही, मैत्री टिकवायची असते.

साखरेची थेट चरबी होते, असा सर्रास समज आहे. निरोगी माणसात रोजच्या जेवणातून हे फार थोड्या प्रमाणात घडते. होते ते असे : कर्बोदके साठवायला जागा कमी, म्हणून शरीर ती आधी जाळते. तेवढा वेळ स्निग्धांश जाळण्याचे काम मागे पडते आणि जेवणातले तूप-तेल फारसा खर्च न होता थेट कोठारात जाते. करंजीचे उदाहरण घ्या. मैदा, पिठीसाखर, मोहन आणि वर तळणीचे तूप. तिच्यातला मैदा आणि साखर चुलीत जातात, तूप कोठारात. मग चरबी वाढवली कोणी? दोघांनी मिळून. शिवाय दोन्ही एकत्र असलेला पदार्थ मेंदूला नुसत्या गोडापेक्षा किंवा नुसत्या स्निग्धापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, असे २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. नुसते तूप वाटीभर कोणी पीत नाही, नुसती साखरही कोणी फार खात नाही. शंकरपाळ्यांचा डबा मात्र बोलता बोलता रिकामा होतो.

मग दोन्हींपैकी एक कमी केले तर? २०१५मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी १९ लठ्ठ व्यक्तींना रुग्णालयात ठेवून प्रत्येक घास मोजला. सहा दिवस फक्त कर्बोदके घटवून कॅलरी ३० टक्क्यांनी कमी केल्या, दुसऱ्या खेपेस तेवढ्याच कॅलरी फक्त स्निग्धांश घटवून कमी केल्या. कर्बोदके घटवल्यावर शरीरातली चरबी दिवसाला सरासरी ५३ ग्रॅम कमी झाली, स्निग्धांश घटवल्यावर ८९ ग्रॅम. म्हणजे तूपविरोधक जिंकले? सहा दिवसांपुरते. २०१८मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना दोन गटांत वाटून वर्षभर पाहिले. कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरले, कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलोंनी. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. प्रत्येक गटात मात्र कोणी वीस-पंचवीस किलो उतरले होते, तर कोणाचे वजन उलट वाढले होते. दोन्ही गटांना मैदा, साखर आणि कारखान्यातले तयार खाणे टाळायला सांगितले होते, हे माझ्या मते त्या निष्कर्षापेक्षा महत्त्वाचे. कारण हॉल यांच्याच २०१९च्या प्रयोगात, साखर, स्निग्धांश, प्रथिने, तंतू यांचे प्रमाण सारखे राखून वाढलेले अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि घरगुती धाटणीचे अन्न यांत माणसांनी पहिले दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी जास्त खाल्ले. दोन आठवड्यांत ९०० ग्रॅम वजन वाढले.

वजनाचा खटला असा जवळजवळ बरोबरीत सुटतो. पण वडिलांचे वजन वाढलेलेच नव्हते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला अखेर पुण्यात सापडले.

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे युडकिन वेगळे) यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आत दुपटीहून अधिक फरक. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांची मापे घेतली तेव्हा तोच नमुना जन्मापासूनच दिसला. ही बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकून. 'बारीक पण मेदयुक्त' बाळ.

चरबी किती, याइतकेच ती कुठे, हे महत्त्वाचे. मांड्या, नितंब, त्वचेखालचा थर ही तिची कणगी. तिथे ती बरीचशी निरुपद्रवी पडून राहते. कणगी लहान असेल तर ती लवकर भरते आणि धान्य माजघरात सांडू लागते, म्हणजे आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात. चरबी साचलेले यकृत इन्शुलिनला दाद देत नाही. इन्शुलिन वाढते, आणि अशा यकृतात मघाशी किरकोळ म्हटलेली गोष्ट किरकोळ राहत नाही : जास्तीच्या साखरेपासून, विशेषतः तिच्यातल्या फ्रुक्टोजपासून, चरबी तयार होण्याचा वेग वाढतो आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड चढतात. स्नायू कमी असल्याने ग्लुकोज रिचवायची जागाही कमी. त्यात भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, तीही मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांतून. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, हा आकडा मग तितका गूढ वाटत नाही.

वडिलांनी ताटातून तूप काढले, यात चूक नव्हती. एक चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी, त्या वाचल्या. पण त्यांच्या जागी आला तो मैदा, साखर आणि त्या काळच्या बिस्किटांतले वनस्पती तूप. त्यातल्या ट्रान्स मेदांवर २ टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे २०२२मध्ये आली. डाळ, उसळ, शेंगदाणे वाढले असते तर गोष्ट वेगळी झाली असती का, हे एका माणसाबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे असते तर, असे मनात येतेच.

पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर, ही भारतीयांसाठी ठरवलेली सीमा. बीएमआयसुद्धा आपल्यासाठी २५ऐवजी २३ला थांबतो. माझा २२.६ आहे. गेल्या आठवड्यात आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन पोट मोजले : ९३. आई चकल्या तळत होती. "मोजून झालं असेल तर सोऱ्या धर," म्हणाली.