डोंगर कुंडीत वसवणाऱ्या व्हॅलरी फिनिस

लडाखमध्ये समुद्रसपाटीपासून सहा हजार मीटरच्याही वर फुलझाडं जगतात. बोटभर उंचीचीही नाहीत ती. दगडांच्या बेचक्यांत घट्ट बसलेले नुसते हिरवे गोळे. स्वित्झर्लंडच्या डोम शिखरावर तर साडेचार हजार मीटरवर जांभळ्या फुलांचं सॅक्सिफ्रेज सापडतं. हिवाळ्यातली उणे वीस अंशांची थंडीही ते सोसतं. आता हे रोप उचला आणि ऑक्सफर्डजवळच्या एखाद्या बागेत लावा. हिवाळा सौम्य, माती सकस, पाणी हवं तेवढं. पुढचा वसंत येईपर्यंत रोप काळं पडून कुजलेलं असेल!

असं का व्हावं? बर्फात तगलेलं रोप सुखात का मरावं?

या कोड्याशी आयुष्यभर मैत्री केलेल्या बाईंचं नाव व्हॅलरी फिनिस. १७ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी त्या गेल्या. इंग्लंडमधल्या सपाट, ओलसर मुलखात त्यांनी उंच डोंगरांवरच्या, म्हणजे अल्पाइन, वनस्पती वाढवल्या. एक-दोन नव्हे, आख्खा विभाग उभा केला. त्यांनी काय साधलं ते नीट कळायचं असेल तर आधी गुडघे टेकून त्या हिरव्या गोळ्याकडे बघायला हवं.

गोळा का असतो तो? कारण त्याची प्रत्येक फांदी शेजारच्या फांदीइतकीच वाढते आणि तिला खेटून राहते. एकही डोकं वर काढत नाही. वारा या घुमटावरून घसरून निघून जातो. आतली हवा जागची हलत नाही. त्यावर ऊन पडलं की आत ऊब साठते. निरभ्र दिवशी गोळ्याच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असू शकतं. म्हणजे हवा गारठलेली असताना हे रोप आपल्यापुरता वेगळा ऋतू तयार करून त्यात राहतं!

आणखी पुढे बघा. त्याची वाळलेली पानं गळून उडून जात नाहीत, आतच अडकतात, तिथंच कुजतात आणि पाणी धरून ठेवतात. डोंगरावर माती मिळत नाही, तर हे रोप स्वतःच्या पोटात माती बनवतं. मुळं मात्र फटीफटीतून खोल जातात, वरच्या उंचीच्या कितीतरी पट. घाई कशाचीच नाही. सायलेनी अकॉलिस नावाच्या अशाच एका वनस्पतीचे तीनशे वर्षांपेक्षा जुने गोळे आढळले आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात उगवलेलं रोप आज ताटाएवढं दिसत असेल, आणि तरी दर उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी पार झाकून जात असेल.

उन्हाळा तरी केवढा? बर्फ वितळलं की जेमतेम दोन-तीन महिने. एवढ्यात कळी धरायची, फुलायचं, परागण, बी, सगळं उरकायचं. म्हणून यातल्या कित्येक वनस्पती पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार करून ठेवतात. सोल्डानेला ही आल्प्समधली नाजूक घंटांसारखी फुलं बर्फ पुरतं सरायची वाट न बघता त्याच्या कडेला, कधी पातळ थरातून वर येऊनही फुलतात. इंग्लंडच्या बागेत याच तयार कळ्या कोवळ्या हिवाळ्यात उघड्या पडतात आणि गोगलगायी त्या खाऊन टाकतात. माळी वसंतात फुलाची वाट बघत बसतो. फूल डिसेंबरातच गेलेलं असतं.

इथं कोड्याचं उत्तर हाताला लागतं. डोंगरावर हिवाळाभर रोपावर बर्फाची जाड गोधडी असते. वर वादळ असो, उणे तीस असो, तिच्याखाली तापमान शून्याच्या आसपास थांबलेलं. अंधार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरडेपणा, कारण पाणी सगळं गोठलेलं. रोप गाढ झोपतं. ऑक्सफर्डला वर्षभरात पाऊस साधारण ६५० मिलिमीटर. आल्प्सच्या कित्येक उतारांवर याहून खूप जास्त पडतो. मग ओलाव्याची तक्रार कसली? तक्रार वेळेची आहे. आज रिमझिम, उद्या ऊन, परवा दव गोठलेलं, तेरवा पुन्हा रिमझिम. रोप अर्धवट जागं होतं, गोळ्याच्या आत पाणी शिरतं आणि सुकत नाही, बुरशी लागते. ऊब धरण्यासाठी केलेली ती दाट रचनाच मग त्याच्या जिवावर उठते.

यावर माळ्यांनी शोधलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. काचघर बांधायचं, पण त्यात गरम हवा मुळीच सोडायची नाही! बाजूच्या खिडक्या कडाक्याच्या थंडीतही उघड्या. वारा खेळता हवा. काच फक्त डोक्यावरचा पाऊस अडवायला. आत कंबरेएवढ्या ओट्यावर वाळू भरायची आणि मातीच्या कुंड्या त्या वाळूत काठापर्यंत पुरायच्या. पाणी रोपाला घालायचंच नाही, वाळूला घालायचं. कुंडीच्या सच्छिद्र भिंतीतून ओल हळूहळू मुळांपर्यंत पोचते. रोपाच्या मानेभोवती बारीक खडीचा थर, म्हणजे ओली माती पानांना शिवणार नाही. मुळं गार आणि ओलसर, मान कोरडी, डोक्यावर भरपूर उजेड. बर्फ नाही, उतार नाही, कडा नाही. डोंगराचं फक्त वागणं कुंडीत आणलेलं.

व्हॅलरी फिनिस हे शिकल्या आणि शिकवू लागल्या त्या वॉटरपेरी इथं. ऑक्सफर्डजवळच्या या गावात बिॲट्रिक्स हॅव्हरगल यांची स्त्रियांसाठीची बागकामाची शाळा होती. हॅव्हरगल बाई शिस्तीला कडक आणि कामाला पक्क्या. त्यांच्या स्ट्रॉबेरी लंडनच्या चेल्सी प्रदर्शनात सुवर्णपदकं मिळवत. व्हॅलरी तिथं १९४२ साली विद्यार्थिनी म्हणून आल्या. युद्धाचे दिवस, फुलांपेक्षा भाजीपाला महत्त्वाचा. शिक्षण संपलं तरी त्या गेल्या नाहीत. पुढे अल्पाइन विभाग त्यांच्या हाती आला, रोपवाटिका वाढली, आणि एकूण २८ वर्षं त्या तिथं राहिल्या.

त्यांचा जीव विशेष जडला सॅक्सिफ्रेजवर. हिमालयातला पाषाणभेद याच कुळातला. त्यातला एक गट आहे पॉरोफायलम. जुने माळी त्याला काबशिया म्हणतात. करंगळीच्या नखाएवढे पानांचे झुबके, शेकडोंनी एकत्र दाटलेले, आणि फेब्रुवारी-मार्चच्या गारठ्यात त्यावर अचानक फुलं. वॉटरपेरीला आज या गटाचा राष्ट्रीय संग्रह आहे.

गंमत अशी, की युरोपातल्या डोंगरांवरच्या या गटाच्या फुलांत रंग प्रामुख्यानं दोनच, पांढरा नि पिवळा. मग इंग्लंडच्या काचघरांत त्यांची गुलाबी, जांभळट फुलं आली कुठून? काश्मीरमधून! तिथल्या डोंगरात सॅक्सिफ्रागा लिलासिना नावाची फिकट जांभळ्या फुलांची जात आहे. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेल्या जे. एफ. डथी यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं. ती लंडनच्या क्यू उद्यानात पोचली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर आयर्विंग या माळ्यानं आल्प्समधल्या पांढऱ्या जातीशी तिचा संकर केला. ‘जेन्किन्सी’ हे गुलाबी सॅक्सिफ्रेज याच दोन जातींच्या संकरातलं. ज्या दोन डोंगररांगा एकमेकींपासून हजारो किलोमीटर लांब, त्यांची लेक एका मातीच्या कुंडीत जन्मली.

आणि ती अजून जिवंत आहे. पुढची पिढी नव्हे, तीच! अशा संकराचं बी पेरलं तर तसंच रोप येईल याचा भरवसा नसतो. म्हणून माळी एक झुबका कापतो, जेमतेम सेंटिमीटरभर. खालची पानं चिमट्यानं अलगद काढतो, बारीक वाळूत खोचतो आणि थांबतो. काही आठवड्यांनी मूळ फुटतं. हे नवं रोप म्हणजे जुन्याचाच तुकडा, त्याच देहाचा पुढे वाढलेला भाग. आज जगात जिथं म्हणून ‘जेन्किन्सी’ फुलतं, तिथं ते एकच जुनं रोप फुलत असतं. मधल्या काळात कितीतरी माळी म्हातारे झाले, गेले. रोप एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं. ही साखळी तुटायला काय लागतं? एक ओला हिवाळा आणि एक आळशी माळी. व्हॅलरी फिनिस यांच्यासारखी माणसं अशा असंख्य साखळ्या एकाच वेळी धरून असतात. छाट करणं, कुंड्या भरणं, नावाच्या पट्ट्या लिहिणं, रोपं देणं आणि विकणं. दिसायला साधं काम. ते थांबलं तर काही जिवंत देह पृथ्वीवरून कायमचे जातील.

हे देह अजून काय काय दडवून बसलेत! अनेक सॅक्सिफ्रेजच्या पानांच्या कडेला पांढरे ठिपके असतात. पानांतल्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, उडून जातं, आणि त्यातला चुना मागे राहतो. माळ्यांच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट. २०१८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी तिथल्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातल्या रोपांवरचे हे ठिपके तपासले, तर त्यांत वॅटराइट निघालं. वॅटराइट हे चुन्याचंच एक रूप, पण इतकं अस्थिर की निसर्गात फार विरळा सापडतं. सॅक्सिफ्रागा सेम्पर्विव्हम या जातीच्या पानांवर मात्र ते शुद्ध रूपात होतं, आणि ही जात त्याच पॉरोफायलम गटातली.

१९५५च्या सुमारास व्हॅलरी यांच्या आयुष्यात एक नवं साधन आलं. म्युनिकच्या वनस्पती उद्यानातल्या अल्पाइन विभागाचे जाणकार विल्हेल्म शाख्ट यांनी त्यांना रोलिफ्लेक्स कॅमेरा दिला. रोपांचे फोटो काढता काढता त्या रोपं वाढवणाऱ्या माणसांचे फोटो काढू लागल्या. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट, मार्जरी फिश यांच्यासारख्या बागांवर लिहिणाऱ्या नामवंत लेखिका, आणि नाव फारसं कुणाला ठाऊक नसलेले कितीतरी माळी, आपापल्या बागेत, कामाच्या कपड्यांत. एका अख्ख्या पिढीचे चेहरे त्यामुळे राहिले. मला वाटतं, ज्याला नखाएवढ्या झुबक्यातला फरक दिसतो त्याला माणसाच्या उभं राहण्यातलं वेगळेपणही दिसत असणार.

१९७० साली त्यांनी सर डेव्हिड स्कॉट यांच्याशी लग्न केलं. त्या पंचेचाळिशीत, सर डेव्हिड ८३ वर्षांचे, निवृत्त मुत्सद्दी आणि झाडांचे वेडे. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या बाउटन इथं दोघांनी १६ वर्षं बाग फुलवली. १९८६ मध्ये सर डेव्हिड गेले तेव्हा ते ९९ वर्षांचे होते. दरम्यान, १९७५ साली व्हॅलरी यांना रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं व्हिक्टोरिया पदक मिळालं. राणी व्हिक्टोरियानं ६३ वर्षं राज्य केलं, म्हणून हे पदक एका वेळी फक्त ६३ जणांकडेच असतं.

त्यांच्या बागेतल्या दोन वनस्पती त्यांचं नाव घेऊन जगभर गेल्या. एक, रुपेरी पानांची आर्टेमिसिया. दुसरी मस्कारी, वीतभर उंचीची, आकाशात पाणी कालवल्यासारख्या फिक्या निळ्या फुलांची. तिच्या कंदाला बाजूनं पिल्लं फुटतात, ती वेगळी करून लावायची. म्हणजे इथंही तेच: दुकानातून एप्रिलसाठी आणलेला ‘व्हॅलरी फिनिस’चा प्रत्येक कंद हा एकाच मूळ रोपाचा भाग.

सर डेव्हिड यांचा मुलगा मर्लिन दुसऱ्या महायुद्धात मारला गेला होता. त्याच्या नावानं व्हॅलरी यांनी १९९० मध्ये मर्लिन ट्रस्ट सुरू केला. तो तरुण माळ्यांना प्रवासासाठी पैसे देतो: बागा बघा, दुसऱ्यांच्या हाताखाली काम करा, डोंगर चढा आणि वनस्पती त्यांच्या घरी कशा राहतात ते बघून या. कारण कुंडीत किती खडी घालायची हे कळायला तो उतार चढावा लागतो, तिथं पाणी कुठून येतं आणि कुठं निघून जातं ते स्वतः पाहावं लागतं. त्या गेल्यावरही ट्रस्ट हे काम करतो आहे.