एंजिनास पाणी किती मानवतें?

अंबरनाथच्या पूर्वेस आनंदनगर म्हणून जी उद्योगवसाहत आहे, तेथील एका लहानशा कारखान्यांत आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीस आहे. गेल्या महिन्यांत तो आमच्याकडे आला तो एक बेत घेऊनच. "मास्तर, माझ्या मोटारीच्या एंजिनांत पाण्याचा फवारा सोडावा म्हणतों. सात-साडेसात हजार फेऱ्यांवर पळवली तरी तापणार नाहीं," असें त्याचें म्हणणें. वर्षभराची शिल्लक त्यांत घालावयास तो सिद्ध होता. असे बेत हल्लीं पुष्कळ घरांतील मुलें करीत असल्यामुळें त्यांचा थोडा विचार येथें करतों.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पाणी हें इंधन नव्हे. पाण्यावर मोटार चालविण्याच्या ज्या वार्ता अधूनमधून उठतात, त्यांशीं या युक्तीचा कांहींएक संबंध नाहीं. न्यायशास्त्रांत जलाचें लक्षण शीतस्पर्श असें सांगितलें आहे, आणि येथें काम होतें तें त्याच गुणाचें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५४० कॅलरी उष्णता गुप्त होते. तेवढ्या उष्णतेनें बर्फासारखें थंड असें साडेपांच ग्रॅम पाणी उकळीस येईल. सिलिंडरमध्यें हवा कोंबून दाबली, कीं ती तापते आणि इंधनाचा कांहीं भाग ज्योत पोहोंचण्यापूर्वींच एकदम भडकतो. यासच एंजिन 'ठोकतें' असें म्हणतात. फवाऱ्यानें हवा निवते, ठोकणें थांबतें, आणि अधिक हवा कोंबतां येते.

ही कल्पना नवी नाहीं. हंगेरींतील बांकी या शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या आधींच, १८९० नंतरच्या दशकांत, ती एंजिनांत वापरली. दुसऱ्या महायुद्धांत तिला खरा बहर आला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४४-४५ सालीं लढलेल्या थंडरबोल्ट विमानांत पाण्याचा फवारा होता. जर्मन विमानांत निम्में पाणी व निम्में मिथेनॉल असें मिश्रण एका वेळीं फार तर दहा मिनिटें देत. परंतु थंडरबोल्टचें एंजिन मिनिटास सुमारें २,७०० फेरेच घेई, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

कारण खरी अडचण वेळेची आहे. २,७०० फेऱ्यांवर दट्ट्या एकदां खालीं येण्यास सेकंदाचा सुमारें नव्वदावा भाग लागतो. ७,५०० फेऱ्यांवर अडीचशेंवा भाग. एवढ्या अवकाशांत थेंबानें आंत यावें, पसरावें आणि वाफ व्हावें! थेंब जेवढा मोठा, तेवढा वेळ केवळ त्या प्रमाणांत नव्हे, तर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दुप्पट व्यासाचा थेंब चौपट वेळ घेतो. म्हणून वेग वाढला, कीं तोटीचें छिद्र अधिक बारीक आणि पंपाचा दाब अधिक जबर हवा. आणि त्याच वेळीं मिनिटागणिक पाणीहि अधिक गेलें पाहिजे. या दोन मागण्यांचा मेळ घालणें स्वस्तांतल्या सामानाचें काम नव्हे.

यावर चतुर वाचक विचारील, कीं इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या व्हायकाउंट, फोक्कर व अ‍ॅव्हरो विमानांचें डार्ट एंजिन तर १५,००० फेरे घेई, आणि त्यासहि उन्हाळ्यांत उड्डाणासाठीं पाणी-मिथेनॉल देण्याची सोय असे, तें कसें? शंका रास्त आहे. पण तें टर्बाइन. त्यांत झडपांची उघडझांप नाहीं. हवेचा ओघ अखंड वाहतो, आणि वेगानें फिरणारें दाबचक्र थेंबांच्या चिंधड्या उडवितें. दट्ट्याच्या एंजिनांत ही सवलत नाहीं.

उलट तेथें गरजहि कमी होत जाते. फार वेगांत इंधनास अवेळीं भडकण्याइतकी सवडच मिळत नाहीं. ठोकण्याचा धाक अधिक असतो तो बेताच्या वेगांत भार पडला असतां. म्हणून ज्या एंजिनास टर्बो नाहीं, त्यास वरच्या फेऱ्यांत पाणी पाजून हातीं फारसें लागत नाहीं. त्यांत आमचा कोंकणपट्टीचा पावसाळा! आषाढांत माठांतलें पाणी गार होत नाहीं, हें गृहिणींस सांगावयास नको. हवाच पाण्यानें भरलेली, तर एंजिनाच्या तोंडाशीं तरी थेंब कसा सुकावा? टर्बोनें तापविलेली हवा मात्र तेव्हांहि कांहीं पाणी पिते.

न सुकलेलें पाणी ठिणगी विझवितें, सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुतें, आणि खालच्या तेलांत मिसळून त्याचें ताक करतें. फारच सांचलें तर दट्ट्याचा दांडा वांकतो, कारण पाणी दाबलें जात नाहीं. बारवी धरणाचें पाणी आम्ही रोज पितों, पण त्यांतील क्षार बारीक छिद्र बुजवितात. येथें ऊर्ध्वपातित पाणीच हवें.

सर्वांत घातक प्रसंग निराळाच आहे. पाण्याच्या भरंवशावर टर्बोचा दाब वाढवावा, ठिणगी अलीकडे घ्यावी, आणि ऐन वेगांत टाकी रिकामी व्हावी! दट्ट्यास भोंक पडण्यास मग क्षणहि पुरे होतात. १९६२ च्या ओल्ड्समोबील जेटफायर या अमेरिकन मोटारींत मिश्रण संपतांच दाब आपोआप उतरविण्याची योजना होती. तरीहि मालक बाटली भरण्यास विसरत, मोटार मंद झाल्याची तक्रार करीत, आणि अखेर कंपनीनें पुष्कळांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले. आमच्या विद्यार्थ्याच्या आराखड्यांत तशी योजना कोठेंच नव्हती. ती आधीं काढून आण, मग तोटीचें बोलूं, असें सांगून आम्हीं तो कागद त्याला परत दिला.