उच्चार एक, अर्थ दोन!

'विदर्भ' आणि 'वैनगंगा' या दोन्ही शब्दांचा आरंभ 'व'ने होतो. रोमन लिपीत लिहिताना मात्र विदर्भाला 'व्ही' मिळतो, तर भंडारा शहराजवळून वाहणाऱ्या वैनगंगेला 'डब्ल्यू'. मराठी कानाला हा भेद जाणवत नाही. इंग्रजीत मात्र 'व्ही'चा 'वेस्ट' म्हणजे बनियन आणि 'डब्ल्यू'चा 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. इंग्रजीत समोच्चारी शब्द मुळातच पुष्कळ; त्यांत आपण अशी भर घालतो.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही रजेच्या अर्जात आठवड्याचा 'वीक' (डबल ई) लिहिण्याऐवजी अशक्त या अर्थाचा 'वीक' (ई-ए) लिहिला जातो. पोलाद कारखान्यात नोकरी मागणाऱ्या उमेदवाराने 'स्टील'मध्ये डबल ईऐवजी ई-ए लिहिले, तर पोलादाची चोरी होते! संगणकाचा शब्दतपासनीसही अशी चूक अनेकदा सोडून देतो, कारण दोन्ही शब्द कोशात असतात.

हा घोळ इतिहासाने घातला आहे. इंग्लंडमध्ये कॅक्स्टनने १४७६ मध्ये छापखाना काढला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले, उच्चार मात्र बदलत राहिले. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधील 'के' पूर्वी उच्चारला जाई. तो लोपला आणि सरदार व रात्र यांचा उच्चार एक झाला. मराठीतही 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. बोलताना फरक पुसट, लिहिताना मोठा.

क्रियापदांचेही तसेच. 'गो'चे 'वेंट' कसे झाले, असे विद्यार्थी विचारतात. 'वेंट' हे मूळचे 'वेंड' या निराळ्याच क्रियापदाचे रूप. ते 'गो'ने आपलेसे केले. पण 'जाणे'चे 'गेला' आणि 'येणे'चे 'आला' हे आपण कुठे नियमाने शिकलो? रोजच्या वापरातील क्रियापदेच बहुधा अनियमित असतात, कारण सतत वापरामुळे जुनी रूपे स्मरणात टिकतात.

'आय डिड नॉट वेंट' ही चूक तर मराठीतूनच येते. 'मी गेलो' याचा नकार 'मी गेलो नाही'. येथे भूतकाळी रूप कायम राहते. इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड' उचलतो, म्हणून पुढे मूळ रूप 'गो' हवे. तसेच 'फाइंड'चे भूतकाळी रूप 'फाउंड'. पण स्थापन करणे या अर्थी 'फाउंड' हे स्वतंत्र क्रियापद असून त्याचे रूप 'फाउंडेड' होते. शाळा 'फाउंड' झाली असे लिहिल्यास ती स्थापन झाली नव्हे, तर सापडली असा अर्थ होईल.

यावर उपाय सोपा आहे. सुट्या शब्दांच्या याद्या घोकण्याऐवजी प्रत्येक शब्द स्वतःच्या वाक्यात लिहावा. दोन शब्दांचा उच्चार एक असला, तरी वाक्यातील त्यांची जागा सहसा एक नसते.