इंचभर माणसांचे शहर

पीटर जॅक्सन दिग्दर्शित ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीचा शेवटचा भाग, ‘द रिटर्न ऑफ द किंग’ (२००३), मिनास तिरिथ या शहराभोवती फिरतो. गॉन्डोर राज्याची ही पांढऱ्या दगडाची राजधानी. टोल्किनच्या कादंबरीत ती डोंगराच्या कुशीत सात तटांची उतरंड रचून वसलेली आहे, आणि जहाजाच्या नाळेसारखा एक प्रचंड कडा तिला मधोमध कापत वर जातो. पुस्तकातल्या या वर्णनाला आकार दिला तो ॲलन ली आणि जॉन हाउ या दोन चित्रकारांनी. दोघेही टोल्किनच्या विश्वाची चित्रे कित्येक वर्षे काढत होते. त्यांच्या रेखाटनांवरून न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन परिसरात हे शहर एकदा नव्हे, अनेकदा बांधले गेले, दर वेळी वेगळ्या मापात.

पडद्यावर दुरून दिसणारे संपूर्ण शहर म्हणजे वेटा वर्कशॉपने १:७२ या प्रमाणात केलेली प्रतिकृती. या प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंचभर माणसांसाठी बांधलेले हे शहर तरीही सुमारे सात मीटर उंच होते. असल्या अवाढव्य ‘लहान’ प्रतिकृतींना कारागिरांनी गमतीने ‘बिगॅचर’ असे नाव पाडले होते. उतरती छपरे, अंगणे, जिने, अरुंद बोळ असे सगळे त्यात होते, कारण कॅमेरा नेमका कोणत्या बोळात शिरेल हे आधी ठरलेले नसते. जवळच्या दृश्यांसाठी काही भाग १:१४ या मोठ्या प्रमाणात वेगळे घडवले गेले.

अशा प्रतिकृतीचे चित्रीकरण हे रखडत चालणारे काम असते. ॲलेक्स फंक यांच्या छायाचित्रण पथकाला ते वर्षानुवर्षे करावे लागले. खरे शहर दुरून पाहताना जवळचा तट आणि मागचा बुरूज दोन्ही स्पष्ट दिसतात. प्रतिकृतीत मात्र कॅमेरा वीतभर अंतरावर असल्याने मागचे सारे धूसर होते आणि खेळणे उघडे पडते. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचे छिद्र अगदी बारीक ठेवणे. पण मग प्रकाश कमी पडतो आणि एकेक फ्रेम कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागते. पाच सेकंदांच्या दृश्यात १२० फ्रेम असतात. शिवाय संगणकाने चालवलेला कॅमेरा तोच मार्ग पुन्हा पुन्हा, केसभरही न चुकता कापतो: एकदा उन्हासाठी, एकदा खिडक्यांतल्या दिव्यांसाठी, एकदा धुरासाठी. धूर हवाच, कारण मैलभर अंतराची हवा जो निळसर पडदा धरते, तो सात मीटरच्या अंतरात आपोआप येत नाही.

कोसळणाऱ्या भिंतींचा नियम याच्या नेमका उलटा. शंभर मीटर उंचीवरून पडलेला दगड जमिनीवर यायला साडेचार सेकंद लागतात. १:७२ च्या प्रतिकृतीत तेच अंतर अर्ध्या सेकंदात संपते आणि बुरूज पुठ्ठ्यासारखा पडलेला वाटतो. वजन दाखवायचे तर कॅमेरा प्रमाणाच्या वर्गमुळाइतका जलद चालवावा लागतो. १:१४ ला सुमारे पावणेचारपट, १:७२ ला साडेआठपट. मोडतोडीसाठी मोठे माप निवडतात ते याचसाठी. धुळीचा कण आणि दगडाची कपची काही लहान करता येत नाही.

खऱ्या मापातले रस्ते आणि वेशी वेलिंग्टनजवळच्या ड्राय क्रीक दगडखाणीत उभ्या राहिल्या. दुसऱ्या भागातला हेल्म्स डीपचा किल्ला याच जागी होता. त्याचेच अवशेष फिरवून, वाढवून नवे शहर रचले गेले. इथे मापाचा आणखी एक पेच होता. गँडाल्फ या जादूगाराबरोबर शहरात येणारा पिपिन हा हॉबिट, म्हणजे माणसाच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण उंचीचा. नट मात्र पुऱ्या उंचीचे. त्यामुळे कधी नटाला कॅमेऱ्यापासून मागे बसवले गेले, कधी बदली कलाकार आणले गेले. हॉबिटांच्या अशा बदली कलाकारांत नैरोबीत जन्मलेले भारतीय वंशाचे किरण शहा होते. त्यांची उंची सव्वा मीटरच्या आसपास.

शहराबाहेरची पेलेनॉरची लढाई दक्षिण बेटावरच्या ट्वायझेलजवळ चित्रित झाली. कथेत गॉन्डोरच्या मदतीला रोहान राज्याचे सहा हजार स्वार येतात. मैदानावर घोडे अडीचशेच्या घरात होते. स्वारांत स्थानिक घोडेस्वार स्त्रियाही बऱ्याच होत्या, खोट्या दाढ्या लावून. उरलेले सैन्य स्टीफन रेजेलस यांच्या ‘मॅसिव्ह’ या संगणकप्रणालीतून आले. तिच्यातला प्रत्येक सैनिक आजूबाजूचे ‘पाहतो’, ‘ऐकतो’ आणि खऱ्या माणसांच्या नोंदवलेल्या हालचालींतून आपली पुढची हालचाल स्वतः निवडतो. सुरुवातीच्या एका चाचणीत काही सैनिक रणांगण सोडून पळताना दिसले. त्यांना भित्रे ठरवणारी दंतकथा अजून सांगितली जाते. खरे कारण एवढेच की समोर शत्रू उरला नव्हता आणि मागे वळून तो शोधावा हे त्यांना शिकवलेले नव्हते.

हे सगळे तुकडे, म्हणजे प्रतिकृती, खाणीतला सेट, मैदानावरचे घोडे आणि संगणकातली फौज, एका चौकटीत सांधण्याचे काम वेटा डिजिटलकडे होते. दुसऱ्या भागात अशी दृश्ये आठशेच्या आसपास होती. तिसऱ्यात ती दीड हजाराच्या जवळ गेली. तीनही भागांचे मुख्य चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात एकत्रच आटोपले होते, तरी पुरवणी चित्रीकरण दरवर्षी चालूच राहिले. १ डिसेंबर २००३ रोजी वेलिंग्टनच्या एम्बसी थिएटरात पहिला खेळ झाला. २९ फेब्रुवारी २००४ ला चित्रपटाला अकरा नामांकनांपैकी अकराही ऑस्कर मिळाले. त्यानंतर, विस्तारित आवृत्तीसाठी, जॅक्सन यांनी कथेतल्या ‘मृतांच्या वाटे’वर घरंगळत येणाऱ्या कवट्यांचे एक दृश्य चित्रित केले.