सर्व्हर बंद नाही, तो नकार देतोय

प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसमधून येणारा फोन ठरलेला असतो. "अहो, साइट बंद पडलीय, मुलं रांगेत उभी आहेत." पलीकडून मिळणारं उत्तरही ठरलेलं: "सर्व्हर एकदा रिस्टार्ट करून बघा." कधीकधी साइट खरंच सुरू होते. मग कारण काय होतं हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा रिस्टार्ट हेच औषध. खरं तर "साइट बंद आहे" या तक्रारीत डझनभर वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि त्यातली बरीचशी बिघाड नसतातच. सर्व्हर धडधाकट असतो. फक्त तो नाही म्हणत असतो.

विंडोजवरच्या वेब सर्व्हरचं नाव इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस, कामातल्या माणसांच्या तोंडी आयआयएस. १९९५ मध्ये विंडोज एनटी ३.५१ साठी तो फुकट जोड म्हणून आला. त्याचा आजचा हेकट स्वभाव घडला तो मात्र २००१ साली. तेव्हा विंडोज २००० सर्व्हर बसवला की आयआयएसही न विचारता बसायचा आणि त्याच्यासोबत कोणाला लागोत न लागोत अशा कितीतरी सोयी चालू व्हायच्या. शोधसेवेशी जोडलेल्या अशाच एका सोयीतल्या भोकातून जुलै २००१ मध्ये 'कोड रेड' हा वर्म घुसला आणि चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून जास्त यंत्रांत पसरला. भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिला होता. पण आपल्या यंत्रावर वेब सर्व्हर चालू आहे हेच ज्यांच्या गावी नव्हतं, ते पॅच कशाला लावतील? सप्टेंबरमध्ये 'निमडा' आला. सल्लागार कंपनी गार्टनरने तर दोन्ही वर्म्सचा फटका बसलेल्या कंपन्यांना आयआयएसला पर्याय शोधण्याचा सल्ला दिला. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून नव्या सोयींपेक्षा सुरक्षितता आधी, असं बजावलं.

त्यानंतर विंडोज सर्व्हर २००३ बरोबर आलेला आयआयएस ६ हा जणू दुसराच प्राणी होता. बहुतेक आवृत्त्यांत तो आपणहून बसत नव्हता. बसवला तरी साधी, स्थिर पानं तेवढी देत होता. एएसपी हवं तर ते चालू करा. फाइलचा प्रकार ओळखीचा नसेल तर ती मिळणार नाही. फोल्डरची यादी दिसणार नाही. आज नव्या सर्व्हरवर साइट चढवताना ज्या अडचणी येतात त्यांतल्या कित्येकांचं मूळ या 'आधी सगळं बंद' धोरणात आहे. ते धोरण मला योग्यच वाटतं. त्याचा जाच होतो तो आपण नकाराचं कारण वाचत नाही म्हणून.

कारण सर्व्हर सांगतो, पण सगळ्यांना नाही. बाहेरच्या माणसाला '५००' किंवा '४०४' एवढाच कोरडा आकडा दिसतो. तेच पान सर्व्हरवर बसून तिथल्याच ब्राउझरमध्ये उघडलं की आकड्यापुढे टिंब आणि आणखी एक आकडा येतो. ४०३.१४, ४०४.३, ५००.१९. सोबत कोणत्या मॉड्यूलने अडवलं, कोणती फाइल शोधली, कोणती ओळ खटकली, हेही येतं. बाहेरच्यांना हे दाखवलं तर चोराला घराचा नकाशा दिल्यासारखं होईल, म्हणून मुद्दाम लपवलेलं असतं. तेव्हा दुरुस्तीचं पहिलं काम रिमोट डेस्कटॉपवरून सर्व्हरवर जाऊन साइट तिथूनच उघडण्याचं. साइट डोमेनच्या नावाने बांधलेली असेल तर सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये ते नाव १२७.०.०.१ शी जोडून घ्यावं लागतं. एवढं पाच मिनिटांचं काम टाळून लोक दिवसभर अंदाज बांधत बसतात.

अर्थात मागणी सर्व्हरपर्यंत पोचली असेल तरच हे चालेल. पोचली नाही, हे ओळखायला ब्राउझरचा संदेशच पुरतो. नावच सापडत नाही म्हणाला तर गडबड डीएनएसमध्ये आहे. खूप वेळ फिरत राहून 'टाइम आउट' झालं तर बहुतेक वेळा वाटेतल्या फायरवॉलने मागणी गपचूप टाकून दिलेली असते. क्लाउडवर ही फायरवॉल दोन ठिकाणी असते, एक विंडोजमध्ये आणि एक क्लाउडवाल्याच्या पॅनेलवर. लोक पहिली उघडतात आणि दुसरी विसरतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं, तर यंत्र जागं आहे पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. पिंगवर मात्र विसंबू नये. कित्येक सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत आणि साइट झकास चालू असते. पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड ४४३ पोर्ट देऊन चालवली की उत्तर नेमकं मिळतं.

आत आल्यावर मागणीला पहिल्यांदा भेटतो तो विंडोजच्या गाभ्यातला एचटीटीपी.सिस हा ड्रायव्हर. आलेल्या मागणीतलं डोमेनचं नाव, पोर्ट आणि आयपी बघून ती कोणत्या साइटची हे ठरतं आणि ते ठरवणाऱ्या नोंदीला म्हणतात बायंडिंग. गमतीची चूक इथे होते. नव्या सर्व्हरवर 'डिफॉल्ट वेब साइट' आधीपासून असते आणि तिच्या बायंडिंगमध्ये नाव रिकामं असतं, म्हणजे बेवारस मागण्या सगळ्या तिच्याकडे. तुम्ही तुमच्या साइटला नाव दिलं, पण त्यात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलंच नाही, तर तसं टाइप करणाऱ्या प्रत्येकाला मायक्रोसॉफ्टचं निळं स्वागतपान दिसतं आणि मालक घाबरून विचारतो, "साइट हॅक झाली का हो?" डिफॉल्ट साइट बंद केलेली असेल तर त्याच मागणीला '४००, इनव्हॅलिड होस्टनेम' असं उत्तर जातं. दोन्हींचा इलाज एकच, दुसरं बायंडिंग जोडणं.

आता टिंबापुढच्या आकड्यांकडे वळू. ४०३.१४ म्हणजे फोल्डर सापडलं, पण त्यात दाखवायचं पहिलं पान सापडलं नाही आणि यादी दाखवायला मनाई आहे. यावर कुठेतरी वाचून लोक यादी दाखवण्याची सोयच चालू करतात. साइट 'उघडते' आणि तिच्यासोबत सगळ्या फाइली जगाला उघड्या होतात. हा उपाय नव्हे. पहिल्या पानाचं नाव डिफॉल्ट डॉक्युमेंटच्या यादीत घाला, किंवा प्रकाशित केलेल्या फाइली एक फोल्डर आत तर गेल्या नाहीत ना, ते बघा.

४०४.३ मराठी साइटवाल्यांच्या वाट्याला अनेकदा येतो. पान येतं, चित्रं येतात, पण ठरवलेला देवनागरी फॉन्ट येत नाही आणि शीर्षकं भलत्याच वळणात दिसतात. फाइल जागेवर असते, पण डब्ल्यूओएफएफ२ हे एक्स्टेन्शन जुन्या आयआयएसच्या ओळखीच्या प्रकारांत नसतं, म्हणून तो ती देत नाही. माइम टाइप्समध्ये एक ओळ जोडली की काम होतं. वेबपी चित्रांचीही तीच कथा. ४०४.१३ तर आणखी फसवा आहे. पान आहे, फॉर्म आहे, पण मोठी पीडीएफ चढवली की 'सापडलं नाही' असं उत्तर येतं. मागणीचा आकार मूळ मर्यादेपेक्षा, म्हणजे तीन कोटी बाइट्सपेक्षा, मोठा झालेला असतो. त्यासाठी हा आकडा का निवडला असेल देव जाणे.

सगळ्यांत जास्त घाम काढतो तो ५००.१९. याचा अर्थ प्रोग्रॅम अजून सुरूच झालेला नाही. सर्व्हर वेब.कॉन्फिग ही सेटिंगची फाइल वाचतानाच अडखळला. त्या पानावर एक लांबलचक एरर कोड असतो आणि त्याची शेवटची चार अक्षरं तेवढी बघायची. ०००५ असेल तर फाइल वाचायची परवानगी नाही. ००२१ असेल तर तुम्ही जो विभाग बदलू पाहताय तो वरच्या पातळीवर, सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये, कुलूपबंद आहे. ०००डी असेल तर फाइलमधला एखादा टॅग तुटलाय, किंवा त्यातला एखादा विभाग या सर्व्हरच्या ओळखीचाच नाही. हे दुसरं कारण जास्त आढळतं. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर यूआरएल रीराइट मॉड्यूल बसवलेलं असतं, सर्व्हरवर नसतं. डॉट नेट कोअरची साइट असेल तर होस्टिंग बंडल बसवायचं राहिलेलं असतं, किंवा ते आयआयएसच्या आधी बसवलेलं असतं. तसं झालं असेल तर ते दुरुस्त करून पुन्हा बसवावं लागतं. "माझ्याकडे चालतंय" हे डेव्हलपरचं वाक्य इथे अगदी खरं असतं आणि अगदी निरुपयोगीही.

याच फाइलची एक मूक आवृत्तीही आहे. घाईत नोटपॅडमध्ये वेब.कॉन्फिग बनवली, सेव्ह करताना नोटपॅडने तिच्या शेपटीला 'टीएक्सटी' चिकटवलं आणि विंडोजने ती शेपटी सवयीप्रमाणे लपवली. एक्सप्लोररमध्ये नाव बरोबर दिसतं. सर्व्हरच्या लेखी मात्र अशी फाइल नाहीच. त्यामुळे एररही नाही, फक्त केलेला एकही बदल लागू होत नाही.

परवानग्यांचा, म्हणजे ४०१.३ चा, गुंता समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक साइट एका अ‍ॅप्लिकेशन पूलमध्ये चालते आणि पूलच्याच नावाने तिला एक आभासी ओळख मिळते. प्रोग्रॅम त्या ओळखीने चालतो. पण निनावी पाहुण्याला साधी फाइल देताना मूळ रचनेत 'आययूएसआर' हे वेगळंच खातं वापरलं जातं. पूलला परवानगी दिली, प्रोग्रॅम चालला, पण सीएसएस आणि चित्रं मात्र अडली, तर कारण हेच. निनावी प्रवेशासाठीही पूलचीच ओळख वापरा, अशी सेटिंग आहे. ती केली की दोन खात्यांचा हिशेब ठेवावा लागत नाही. दुसरं एक कारण म्हणजे डेस्कटॉपवर उतरवलेलं फोल्डर कट करून त्याच ड्राइव्हवरच्या इनेटपबमध्ये नेणं. मूव्ह केलेलं फोल्डर जुन्या परवानग्या घेऊन येतं, कॉपी केलेलं नव्या जागेच्या घेतं. आणि या सगळ्यावर सर्रास केला जाणारा 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' हा इलाज? साइट त्याने चालते. पण साइटमध्ये घुसलेल्या माणसाला फाइली बदलायची मोकळीकही त्यानेच मिळते.

५०३ दिसलं तर आधी पूल बघावा. तो बहुधा थांबलेला असतो. पाच मिनिटांत पाच वेळा प्रक्रिया कोसळली की आयआयएस ती पुन्हा उठवायचा नाद सोडतो. पूलसाठी एखादं डोमेन खातं वापरलं असेल आणि त्याचा पासवर्ड कोणी धोरणानुसार बदलला, तरी हेच होतं. पूल हाताने सुरू केला की पहिल्या मागणीला तो पुन्हा पडतो. खरं कारण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टिम लॉगमध्ये 'वॅस' या नावाखाली लिहिलेलं असतं. सकाळी पहिलं पान उघडायला फार वेळ लागतो, ही तक्रार मात्र बिघाड नाही. वीस मिनिटं कोणी फिरकलं नाही की पूल झोपतो. शिवाय दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, तो स्वतःला नव्याने सुरू करतो. २९ ही २४ नंतरची पहिली मूळ संख्या असल्याने ही वेळ रोज पुढे सरकते आणि वर्दळीच्या एकाच तासावर पुन्हा पुन्हा पडत नाही.

जुन्या साइट नव्या सर्व्हरवर हलवताना अ‍ॅक्सेस डेटाबेसचं भूत हमखास उठतं. त्याचा जेट ४.० हा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे आणि पूल मुळात ६४ बिटचा. 'प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही' असा एरर आला की ड्रायव्हर शोधत हिंडू नये. पूलच्या प्रगत सेटिंगमध्ये ३२ बिट चालू करावं.

लॉगमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं, उपआकड्यासह. तो वाचताना एक ध्यानात ठेवायचं: तिथली वेळ मूळ रचनेत यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी दोनची तक्रार साडेआठच्या नोंदींत सापडते. आणि मागणी साइटपर्यंत पोचलीच नसेल, म्हणजे पूल थांबलाय किंवा होस्टनेम चुकलंय, तर नोंद साइटच्या लॉगमध्ये नसते. ती एचटीटीपीईआरआर नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. तिथे फार कमी लोक डोकावतात. आयआयएस आपले जुने लॉग कधीच पुसत नाही, त्यामुळे एक दिवस सी ड्राइव्ह भरतो आणि मग सगळंच विचित्र वागू लागतं.

राहता राहिलं सर्टिफिकेट. कंपनीने मेलवर पाठवलेली फाइल आयआयएसमध्ये चढवली, यादीत दिसली, पान रिफ्रेश केलं आणि ती गायब झाली, असं होतं. तिच्या जोडीची प्रायव्हेट की या सर्व्हरवर नसते, कारण विनंती दुसऱ्याच यंत्रावरून केलेली असते. तिथून पीएफएक्स फाइल काढून आणली की प्रश्न मिटतो. दुसरी चूक अशी की नवं सर्टिफिकेट बसवलं, पण बायंडिंग जुन्यालाच धरून राहिलं. मग स्टोअरमध्ये नवी तारीख आणि लोकांच्या ब्राउझरमध्ये लाल इशारा. वर्षाकाठी एकदा ही कसरत हाताने निभावत होती. पण ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे सर्टिफिकेटचं आयुष्य टप्प्याटप्प्याने घटतंय. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि मार्च २०२९ पासून जेमतेम ४७. तेव्हा विन-अ‍ॅक्मीसारखं साधन लावून नूतनीकरण आपोआप होऊ द्यावं. ते झालं का हे सर्व्हरवर बसून नाही, तर बाहेरच्या मोबाइलवरून साइट उघडून, तिथल्या सर्टिफिकेटची तारीख वाचून बघावं.