नांगरटीतला नाद (९) : यंत्र बदलायचंय?

आज ओल्या, खाऱ्या वाळूवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मधे लेस्टरहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ते तसंच ठेवून वाळूत शिरणं काही जमेना. मार्चमध्ये त्यांनी अडीचशे पौंडांच्या आतलं, सुरुवातीचं धातुशोधक यंत्र घेतलं. दोन शेतकऱ्यांना भेटून परवानगी मिळवली (लेखमालेचा तेवढा तरी उपयोग झाला म्हणायचा). दर रविवारी जातात. आजवरची मिळकत : खिळे, काडतुसांच्या पितळी टोप्या, कॅनचे रिंगपुल आणि राणी व्हिक्टोरियाची एक झिजलेली पेनी. प्रश्न असा की, आता हजार पौंडांचं यंत्र घ्यावं का, कारण 'त्याची खोली जास्त असते'.

यंत्र जरूर घ्या. फक्त खोलीसाठी घेऊ नका.

खोलीचा हा समज जाहिरातींनी पोसलेला आहे, म्हणून जरा गणित करू. कॉइलमधून निघालेलं चुंबकीय क्षेत्र अंतर वाढेल तसं भराभर विरत जातं, साधारण अंतराच्या घनाने. जे काही नाण्यापर्यंत पोचतं त्याने नाण्यात प्रवाह घुमतात. ते प्रवाह आपलं स्वतःचं इवलंसं क्षेत्र तयार करतात आणि ते क्षेत्र मातीतून वर कॉइलपर्यंत परत यावं लागतं. येताना तेही घनानेच घटतं. जाताना तिसरा घात, येताना तिसरा घात, म्हणजे एकूण सहावा. २० सेंटीमीटरवरचं नाणं ४० सेंटीमीटरवर गेलं की त्याचा सिग्नल निम्मा किंवा पाव होत नाही, ६४ पट क्षीण होतो. आता हेच उलटं बघा. क्षेत्राचा जोर दुप्पट केला तर खोली वाढते जेमतेम १२ टक्के. विसाचे फार तर साडेबावीस सेंटीमीटर झाले. शिवाय जोर वाढवला की मातीचा आवाजही तेवढाच वाढतो. तेव्हा तुमच्या आताच्या यंत्राला वीतभर खाली पेनी ऐकू येत असेल, तर चौपट पैसे मोजून ती आणखी दोन-तीन बोटं खाली ऐकू येईल. हात-दीड हात खाली नाही. मोठी कॉइल लावून खोली थोडी वाढते हे खरं, पण मोठी कॉइल आजूबाजूचा कचराही एकदम पोटात घेते. त्या कचऱ्याकडे येतोच.

आणि मुळात लेस्टरच्या आसपासच्या शेतात खोली हवीय कुणाला? नांगर माती उलटतो तो साधारण वीतभर, २०-२५ सेंटीमीटर. शतकानुशतकं त्या थरात जे सांडलं ते दरवर्षी वर-खाली होत राहतं. यंदा जे नाणं कोनात उभं होतं आणि ऐकू आलं नाही, ते पुढच्या नांगरटीनंतर आडवं होऊन आपणहून साद घालतं. तुमची व्हिक्टोरियाची पेनीसुद्धा बहुधा शेतात कुणाच्या खिशातून पडलेली नसावी. त्या काळी गावाशहरातला मैला, राख, केरकचरा गाड्या भरभरून शेतात खत म्हणून पसरत. त्याबरोबर बटणं, चिलमींचे तुकडे, हरवलेली नाणी सगळंच गेलं. त्यामुळे ज्या शेतात बटणं फार मिळतात तिथे मी कंटाळत नाही. माणसांचा वावर तिथवर पोचला होता, एवढं तरी त्यातून कळतं.

इथे क्लबातली जुनी मंडळी हटकून हॉक्सनचं उदाहरण देतात. १६ नोव्हेंबर १९९२, सफोक परगणा. पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला होता. त्याचा मित्र एरिक लॉज निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेलं यंत्र घेऊन तो शोधायला गेला आणि त्याला रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली चौदा हजारांहून जास्त नाणी, चांदीचे चमचे आणि सोन्याचे दागिने सापडले. थोडं काढल्यावर लॉजने खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना बाकीचा ठेवा जागच्या जागी उकरता आला. मला या सगळ्या गोष्टीत त्याचं ते थांबणंच सर्वांत थोर वाटतं. किंमत ठरली १७.५ लाख पौंड. हातोडाही सापडला आणि तोही आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे. दुसरं उदाहरण २००९च्या जुलैतलं. स्टॅफर्डशरमध्ये टेरी हर्बर्टने अँग्लो-सॅक्सन सोन्याचा आजवरचा सर्वांत मोठा साठा काढला, तोही बऱ्याच जुन्या यंत्राने. तात्पर्य म्हणून सांगितलं जातं : बघा, यंत्रात काही नसतं, नशीब लागतं.

मला हा युक्तिवाद पटत नाही. हजारो नाण्यांचा ढीग कुठल्याही यंत्राला ऐकू येतो, खेळण्यातल्यालासुद्धा. तुमच्या-माझ्या रविवारी ढीग नसतात. आपल्या वाट्याला येते ती मध्ययुगीन चांदीची, हातोडीने ठोकून पाडलेली पेनी. ती दीड ग्रॅमही भरत नाही आणि कागदासारखी पातळ असते. सुट्ट्यांसाठी तेव्हा लोक ती कापून अर्धी आणि चतकोर करून वापरत. तो चतकोर नखाएवढा. तो खिळ्याशेजारी पडलेला असेल तर अडीचशेचं यंत्र आणि हजाराचं यंत्र यांच्यातला फरक स्वच्छ दिसतो. वरचे पैसे आपण मोजतो ते यासाठी : लोखंडाच्या गर्दीतून बारीक चांदी वेगळी ऐकू यावी.

गेल्या आठवड्यात ग्रॅहम बेलची गोष्ट अर्धवट सोडली म्हणून तक्रारी आल्या आहेत. ती इथेच पुरी करतो, कारण ती लोखंडाचीच गोष्ट आहे. २ जुलै १८८१ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगातच राहिली आणि डॉक्टर ती शोधत होते. बेलने धातू शोधणारी आपली तारांची वेटोळी आणि टेलिफोनचा रिसीव्हर घेऊन व्हाइट हाउस गाठलं. आधी केलेल्या चाचण्यांत यंत्र चोख चाललं होतं. अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं, तर जिकडेतिकडे नुसती घरघर. नंतर कळलं की गादीखाली आणखी एक गादी होती, पोलादी तारांची. त्यातून प्रमुख डॉक्टर ब्लिस यांची खात्री की गोळी उजव्या अंगाला आहे, म्हणून तपासूही दिलं ते उजवीकडेच. सप्टेंबरात गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला निघाली.

पलंगाखालच्या त्या तारांच्या जागी आता आपल्या शेतातले खिळे धरा. घरामागच्या हिरवळीवर एक प्रयोग करता येतो. वीस पेन्सचं नाणं घ्या. पाच-दहाचं चालणार नाही, २०१२पासून ती पोलादी आहेत, आणि १९९२नंतरची पेनीही तशीच, वर फक्त तांब्याचा मुलामा. बोटभर लांबीचा गंजका खिळा नाण्यापासून चार बोटांवर ठेवा. लोखंड गाळणारं डिस्क्रिमिनेशन चालू ठेवून अशी कॉइल फिरवा की ती आधी खिळ्यावरून आणि मग नाण्यावरून जाईल. खिळा येताच यंत्र गप्प होतं आणि गप्प झालं की पुन्हा तोंड उघडायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात कॉइल नाण्याच्या पुढे गेलेली असते. नाण्याचा आवाज आलाच नाही! आता कॉइल निम्म्या वेगाने फिरवा. नाणं टुणकन बोलेल. महाग यंत्रात हा सावरायचा वेळ फार कमी असतो, 'रिकव्हरी स्पीड' म्हणतात तो हाच. आता ९० अंशांत वळून उभे राहा, म्हणजे खिळा आणि नाणं एकाच वेळी कॉइलखाली येतील. ढोलताशाशेजारी बासरी वाजावी तसं होतं, आणि हजार पौंडांचं यंत्रही इथे अडखळतं. म्हणून शेतात कुठलाही संशयास्पद सिग्नल आला की वळून, आडव्या दिशेनेही ऐकायचा. वाकडा गंजका खिळा कधीकधी चांदीसारखा उंच सूर काढतो. वळल्यावर सूर विरला तर नव्वद टक्के वेळा तो खिळाच.

डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद करून, लोखंडाची घुरघुर सहन करत चालायची सवय लावली तर जुन्या यंत्रातूनही बरंच निघतं. पहिला तासभर डोकं उठतं. मग कान तयार होतो.

रिंगपुलचं मात्र काही औषध नाही. पडद्यावरचा आकडा धातूची वाहकता आणि आकार मिळून ठरतो. ॲल्युमिनियमचा रिंगपुल आणि सोन्याची अंगठी एकाच आकड्यांच्या टापूत येतात. रिंगपुल गाळायचे तर अंगठ्याही गाळाव्या लागतील. बाराशे पौंड मोजूनही हा पेच सुटत नाही. विक्रेता सुटतो म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

आता खर्चाचं. पहिले शंभरेक पौंड यंत्रावर नकोच. पिनपॉइंटर घ्या, गाजराएवढी ती हातातली कांडी. ती नसली तर काय होतं ते आठवून बघा : खड्डा खणला, सिग्नल खड्ड्यातून गेला, म्हणजे वस्तू काढलेल्या ढेकळांत आहे. चिकणमाती, थंडीने बधिर बोटं, प्रत्येक ढेकूळ मुठीत घेऊन कॉइलवरून फिरवायचं. कांडी ढेकळात खुपसली की ती थरथरते आणि तो चतकोर अर्ध्या मिनिटात तळहातावर येतो. रविवारच्या चार तासांत वाचलेला वेळ म्हणजे जादा खड्डे, आणि जादा खड्डे म्हणजे जादा नाणी. दुसरं, कानाला घट्ट बसणारे हेडफोन. क्षीण सिग्नल वाऱ्यात उडून जातात. तिसरं, तुमच्या यंत्राला बसत असेल तर लहान कॉइल. पडक्या वाड्याच्या, जुन्या धर्मशाळेच्या जागी जिथे खिळेच खिळे असतात, तिथे लहान कॉइल एका वेळी एखादाच खिळा पाहते. आपल्या लेस्टरकरांनी एवढंच करून पुढची नांगरट काढावी असं मला वाटतं.

त्यानंतरही यंत्र बदलायचं असेल तर 'मला काय ऐकू येत नाही' हे नेमकं सांगता यायला हवं. एका फ्रीक्वेन्सीच्या यंत्राची मर्यादा अशी की, कमी फ्रीक्वेन्सीला चांदी-तांब्याची जाड नाणी चांगली कळतात, जास्त फ्रीक्वेन्सीला पातळ चतकोर आणि सोन्याची बारीक कडी. एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारी यंत्रं पूर्वी भारी किमतीचीच असत. २०१८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबचं इक्विनॉक्स आलं आणि तो प्रकार आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आला. मग फ्रान्सच्या एक्सपीचं डेउस टू आणि तुर्कस्तानच्या नोक्ताचं लेजंड आलं. यांत 'सर्वांत चांगलं' कुठलं यावर क्लबात भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. माझा कल वजनाने हलक्या यंत्राकडे. चार तास हात हलवायचा असतो आणि दुखऱ्या खांद्याने कॉइल जमिनीपासून उचलली जाते. ती दोन बोटं उचलली की विकत घेतलेली खोली तिथेच गेली. वापरलेलं यंत्र मिळत असेल तर बिनदिक्कत घ्या, चांगली यंत्रं पटकन विकलीही जातात. मात्र घेण्यापूर्वी खिसा चाचपा : वीस पेन्स आणि गंजका खिळा बरोबर असू द्या, आणि विकणाऱ्यासमोर तोच हिरवळीवरचा प्रयोग करा.

एक पत्र साताऱ्याहूनही आहे. सुरुवातीचं यंत्र मागवलंय, गडावर न्यावं का? नेऊ नका. संरक्षित स्मारकाच्या आवारात खणणं गुन्हा आहेच. शिवाय १८७८चा निखात निधी कायदा भारतात आजही लागू आहे : जमिनीत पुरलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरना लेखी कळवावं लागतं. इंग्लंडात नोंदीची आणि बक्षिसाची जी व्यवस्था १९९६च्या कायद्याने आणि त्यापाठोपाठ आलेल्या नोंदणी योजनेने उभी केली, तिच्या जोरावर इथला छंद चालतो. ती तिकडे नाही. गडाच्या भिंतीत काय दडलंय ते शोधायचा हक्क पुरातत्त्व खात्याचा. शिवाय सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट भरपूर, तिथे साधं यंत्र दगडांवरच किणकिणत राहील. यंत्र आलंच आहे तर घरच्या वावरात विळा, फाळ, हरवलेली साखळी शोधा, किंवा शेजाऱ्याच्या विहिरीवर पडलेला पाना.

पुढच्या आठवड्यात नक्की खारी वाळू. भरती-ओहोटीचं वेळापत्रक शोधून ठेवा, त्याशिवाय तो हप्ता कळणार नाही.