पाय बांधावा कोठे, मोकळा ठेवावा कोठे



कामगार संघटनेचा माणूस बोलावयास उभा राहिला की तो बोनस, कंत्राटी पद्धत किंवा कामगार कायदा यांपैकी कशावर तरी बोलणार, असे आपण धरून चालता. क्रांती चौकात आमचा आवाज आपण आजवर ज्या प्रसंगी ऐकला असेल ते प्रसंग पाहता आपली त्यात काही चूकही नाही. परंतु आज आम्ही सायकलच्या पायडलविषयी बोलणार आहोत. विषय हातभर लोखंडाचाही नाही, असे आपणांस वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत असे. पुढे याच चौकात, उड्डाणपुलाखालच्या सिग्नलपाशी, आमच्या एका तरुण सहकाऱ्याचे मनगट मोडले. तो कंत्राटी कामगार. हजेरी नाही तर पगार नाही. तीन आठवडे हात गळ्यात बांधून तो घरी बसला. ज्या पायडलमुळे तो पडला ते पायडल त्याला घ्यावयास आम्हीच सांगितले होते. म्हणून या विषयाचा अभ्यास करणे आमच्यावर ऋणच होते, आणि तो अभ्यास आपल्यापुढे मांडणे हा त्या ऋणाचा एक हप्ता समजा.

प्रथम या वस्तूची ओळख करून घेऊ. तिला 'क्लिपलेस' पायडल म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेले. आणि प्रत्यक्षात पाहावे तर बुटाच्या तळव्याला बसविलेला तुकडा खटकन त्या पायडलात अडकतो! मग क्लिप नाही ती कशी? याचे उत्तर इतिहासात आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पायडलांवर बोटांसाठी एक धातूचा पिंजरा असे, आणि त्यातून ओवलेला चामडी पट्टा स्वार हाताने आवळीत असे. त्या पिंजऱ्याचे नाव 'टो क्लिप'. उतरावयाचे तर आधी वाकून पट्टा सैल करावा लागे. तो पिंजरा ज्यात नाही ते क्लिपलेस. नाव गेलेल्या वस्तूवरून पडले, म्हणून ऐकणाराचा गोंधळ होतो.

हा बदल रूढ केला तो फ्रान्समधील 'लुक' या कंपनीने. ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकविण्याची साधने तयार करी. तेथे मुख्य प्रश्न बूट पट्टीवर घट्ट बसविण्याचा नसतो. माणूस कोलमडला असता बूट पट्टीतून आपोआप सुटला पाहिजे, नाहीतर पाय मोडतो, हा असतो. तेच ज्ञान त्यांनी १९८४ साली सायकलच्या पायडलाला लावले. १९८५ साली बर्नार्ड इनो याने ती पायडले वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत पाचव्यांदा जिंकली, आणि थोड्याच वर्षांत पट्टे नाहीसे झाले. पुढे १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी दुसरा प्रकार काढला. त्यात बुटाखालचा तुकडा लहान केला आणि तो तळव्याच्या खोबणीत दडविला, म्हणजे स्वाराला खाली उतरून चालता येते. आज बाजारात जे दोन मोठे घराणे दिसतात त्यांचा उगम हा असा आहे.

आता याची रचना पाहा. बुटाखाली जो तुकडा स्क्रूने बसवितात त्याला 'क्लीट' म्हणतात. तिचे पुढचे टोक पायडलाच्या आकड्याखाली सरकते, मागचे टोक स्प्रिंगच्या जबड्यात बसते. पाय दाबला की अडकतो. सोडविण्यासाठी टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते. पाय वर ओढून तो सुटत नाही, मागे ओढूनही सुटत नाही. आणि येथेच सारी मेख आहे. घाबरलेला माणूस काय करतो? तो पाय ओढतो. टाच वळवीत नाही. आमच्या त्या सहकाऱ्याच्या पुढे एक रिक्षा उजवीकडून आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, सायकल जागच्या जागी थांबली, त्याने पाय ओढला, पाय आला नाही, आणि तो पाडलेल्या झाडासारखा डावीकडे गेला. वेग शून्य होता. या पायडलांवरून पडणारे नवखे बहुधा असेच पडतात: धावताना नव्हे, थांबताना.

मग लोक पाय बांधून घेतात तरी कशासाठी? पाय वर ओढूनही जोर लावता येतो म्हणून, असे दुकानात सांगतात. हे फारसे खरे नाही. मोजमापे घेतली तेव्हा असे आढळले की कसलेले शर्यतपटूसुद्धा जवळजवळ सारा जोर खाली दाबतानाच लावतात. वर येणारा पाय ते फक्त हलका करतात. खरा फायदा वेगळा आहे. पाय आपल्या जागेवर राहतो. मिनिटाला नव्वद फेरे मारणाऱ्या स्वाराचे तासाला ५,४०० फेरे होतात. खडबडीत रस्त्यावर, पावसात किंवा थकव्यात त्याचा पाय निसटत नाही आणि प्रत्येक वेळी जागा शोधावी लागत नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटरचा हा मार्ग आहे. इतक्या अंतरावर पाय स्थिर राहणे ही चैन नसून गरज असते. परंतु घरापासून कारखान्यापर्यंत जाणाराची गरज तीच आहे काय?

आमच्या मते पायडल निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. वाटेत पाय किती वेळा जमिनीवर टेकवावा लागतो? उतरल्यावर किती चालावे लागते? आणि वाटेत चिखल किती? या तीन प्रश्नांवर प्रत्येक सायकल पारखून पाहू.

शर्यतीची, वाकड्या दांड्याची सायकल घ्या. रविवारी पहाटे दौलताबादचा घाट चढून खुलताबादेवरून म्हैसमाळला जाणारी मंडळी आपल्या शहरात आहेत. रस्ता मोकळा, थांबणे थोडे, चालणे जवळजवळ नाही. त्यांना तीन स्क्रूंची मोठी क्लीट योग्य. पायाखाली रुंद आधार मिळतो आणि जोर पसरतो. पण ही क्लीट तळव्याबाहेर येते. ती घालून फरशीवर चालणे म्हणजे बदकाची चाल, आणि ती झिजतेही लवकर. शिवाय असे पायडल बहुधा एकाच बाजूने अडकते. सिग्नल सुटला की मागे हॉर्न वाजत असताना ते पायाने उलटवून घ्यावे लागते. आम्ही त्या तरुणाला सुचविले ते हेच. रविवारच्या वाटेला ते उत्तम होते. सोमवारच्या वाटेला नव्हते.

लांब पल्ल्याच्या सफरीला निघणाराने दोन स्क्रूंची लहान क्लीट घ्यावी. त्याला चहासाठी उतरावे लागते, पंक्चर काढावे लागते, घाटात कधी सायकल हाती धरून चालावेही लागते. बूट साध्या बुटासारखा चालतो आणि पायडल दोन्ही बाजूंनी अडकते.

डोंगरी सायकललाही हीच लहान क्लीट. पण येथे तिसरा प्रश्न उभा राहतो. आपल्या मराठवाड्याची काळी माती! पाऊस पडला की ती चपलेला शेरभर चिकटते. पायडलाच्या जबड्यात बसली तर न अडकू देते न सुटू देते. अशा जागी उघड्या तारांचे, अंडे घुसळण्याच्या रवीसारखे दिसणारे पायडल उपयोगी पडते. ते चारी बाजूंनी अडकते आणि माती त्यातून निघून जाते. तीव्र उताराच्या पायवाटेवर नवख्याने मात्र खिळ्यांचे सपाट पायडल लावावे, म्हणजे पाय केव्हाही टेकविता येतो.

आता रोज कामावर नेणारी सायकल. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आमच्या तरुणपणी तिकडच्या आणि चिकलठाण्याच्या फाटकांबाहेर पाळी सुटली की सायकलींची रांग लागे. पुढे त्या जागा मोटारसायकलींनी घेतल्या. आता काही तरुण प्रकृतीसाठी आणि पेट्रोल वाचविण्यासाठी पुन्हा सायकलवर येत आहेत. त्यांच्या वाटेत प्रत्येक चौकात पाय टेकवावा लागतो. त्यांनी एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने अडकणारे पायडल घ्यावे. शहरात सपाट बाजूवर पाय ठेवावा, नगर नाका ओलांडून रस्ता मोकळा झाला की हवा तर अडकवावा. दोन वस्तू घेण्याची ऐपत नसलेल्याला ही एक वस्तू दोन्ही कामे देते. आणि साधे सपाट पायडल ठेवले तरी त्यात कमीपणा मुळीच नाही.

राहिली दूधवाल्याची, पेपरवाल्याची, कॅरिअरवर गोणी नेणाऱ्याची काळी सायकल. तिचे रबरी ठोकळ्यांचे पायडल चपलेला, बुटाला आणि अनवाणी पायालाही चालते. मागे ओझे असताना तोल गेला तर पाय तत्काळ खाली आलाच पाहिजे. तेथे पाय बांधण्याचा विचारही करू नये. मुलांच्या सायकलींनाही हाच नियम.

बसविताना घ्यावयाची काळजी थोडक्यात सांगतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेने पिळाल तर क्रँकचे आटे जातील. बहुतेक सायकलींना नऊ सोळांश इंचाचे आटे असतात, काहींना अर्ध्या इंचाचे. म्हणून जुने पायडल सोबत नेऊन दाखवावे. आट्यांना ग्रीस लावावे. क्लीट अशी बसवावी की पायाचा चवडा पायडलाच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे येईल.

क्लीटमध्ये पाऊल थोडे डावी-उजवीकडे फिरू देणारी मोकळीक असते. गुडघ्याला ती हवी असते, कारण प्रत्येकाचे पाऊल सरळ पडतेच असे नाही. येथे रंगांवर विसंबू नका. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये पिवळी ६ अंश मोकळीक देते, निळी २ अंश, आणि लाल मुळीच देत नाही. 'लुक'च्या केओ क्लीटमध्ये उलट लालच सर्वांत सैल, ९ अंशांची. करडी साडेचार अंशांची आणि काळी घट्ट. एकाचा लाल दुसऱ्याच्या लालाच्या नेमका विरुद्ध! नवख्याने मोकळीक असलेली क्लीट घ्यावी. दोन स्क्रूंच्या प्रकारात शिमानोची 'एसएच ५६' ही क्लीट एकाहून अधिक दिशांनी सुटते, तर 'एसएच ५१' फक्त टाच बाजूला वळवून. शिकणाराला पहिली बरी.

स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करण्याचा बारीक स्क्रू बहुतेक पायडलांवर असतो. तो प्रथम अगदी सैल ठेवावा. भिंतीला हात टेकून सायकलवर बसावे आणि प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवून पन्नास वेळा सोडवावा. मग मोकळ्या मैदानात थांबण्याचा सराव करावा. सिग्नल दिसला की थांबल्यावर नव्हे, थांबण्यापूर्वी, डावा पाय सोडवावा. हे अंगवळणी पडल्याशिवाय रहदारीत जाऊ नये. आम्ही त्या तरुणाला पायडलाचे नाव सांगितले आणि हा सराव सांगितला नाही. चूक येथे झाली, आणि ती त्याची नव्हती.

व्यवस्थापनाशी करार करताना आम्ही एक गोष्ट फार वर्षांपूर्वी शिकलो. पगाराचे कलम सगळेच वाचतात. मुदत संपल्यावर काय, मोडल्यास काय, हे कलम आधी वाचावे. माणूस स्वतःहून कशाशी तरी बांधला जातो त्यात वाईट काही नाही. मात्र सुटण्याची वाट ठाऊक नसताना बांधून घेऊ नये. दुकानात पायडल पाहाल तेव्हा पाय कसा अडकतो हे दुकानदार हौसेने दाखवील. आपण त्याला म्हणावे, तो सुटतो कसा, ते आधी दाखवा.

आमचा सहकारी आता पुन्हा सायकलवर येतो. त्याच्या सायकलला दुतर्फा पायडल आहे. रविवारी म्हैसमाळच्या चढावर तो आमच्या पुढे निघून जातो, आणि सोमवारी या चौकात सिग्नल लाल झाला की त्याचा पाय आमच्या आधी जमिनीवर असतो.